दुपारी दोन ते चार

प्रणिता हुपरीकर दर गुरुवारी लोकांच्या घरी जाऊन चहा पिते आणि कंपनी त्याला काम म्हणते, अशी थट्टा कारखान्यात गेली सहा वर्षं चालू होती. थट्टेत तथ्य होतं. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत दोनशे माणसं होती. त्यातली बरीचशी तारा जोडायची, साचे ओतायची, आकडे तपासायची. प्रणिता मात्र सेहेचाळिसाव्या वर्षीही खांद्याला पिशवी अडकवून पेठांतून हिंडायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात बसायची आणि त्यांना बोलतं करायची. शुक्रवारी सकाळी ती जे ऐकलं ते सगळ्यांना सांगायची आणि सोमवारपर्यंत त्यातलं काहीतरी कारखान्यात बदललेलं असायचं.

ही सवय कंपनीला सुखासुखी लागली नव्हती. कंपनी 'सोबती' नावाची एक पेटी बनवायची. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, भिंतीवर लावायची, पिन प्लगमध्ये घालायची, झालं. पेटीत कॅमेरा नव्हता. ती अगदी क्षीण रेडिओलहरी खोलीत सोडायची आणि परत येणाऱ्या लहरी ऐकायची. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती काही मिलिमीटर वर-खाली होते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी कमी हलते. तेवढ्या हालचालीनेसुद्धा परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. भिंत आड आली, अंगावर पांघरूण असलं, दिवा नसला तरी लहरींना त्याचं सोयरसुतक नसतं. दोन माणसांचा श्वास कधी एका लयीत चालत नाही, त्यामुळे घरात किती जण आहेत तेही पेटीला मोजता यायचं. म्हातारं माणूस पडलं, श्वास अडला, ठोका चुकला की परदेशी असलेल्या मुलाच्या फोनवर तीन सेकंदांत निरोप जायचा.

पहिली पेटी काढण्याआधी कंपनीने एकदाच, मोठ्ठं सर्वेक्षण केलं. सहा हजार लोकांना पन्नास प्रश्न विचारले, रंगीत अहवाल छापला, आणि पेटी बाजारात आपटली. पेटीवर एक हिरवा दिवा सतत लुकलुकायचा. लोकांना रात्री झोप येईना, म्हणून कुणी पेटीवर टॉवेल टाकला, कुणी ती उचलून पिठाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पत्र्यातून लहरी जात नाहीत. सहा हजार लोकांपैकी एकालाही दिव्याबद्दल विचारलेलं नव्हतं. तेव्हापासून उत्पादनप्रमुख आदिनाथ मगदूम यांनी नियम केला, की संशोधन वर्षातून एकदा करायचा सण नाही, ते रोजच्या दात घासण्यासारखं झालं पाहिजे. गुरुवारी प्रत्येकी दोन घरं, शुक्रवारी सांगायचं, सोमवारी बदलायचं. या कामावर त्यांनी प्रणिताला आणि तिच्या हाताखाली चार जणांना नेमलं.

प्रणिताला या कामातलं एक गुपित दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. कोल्हापुरात घरी आलेल्या माणसाला कुणी वाईट सांगत नाही. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने चहा पिता पिता विचारलं, पेटी कशी आहे, तर उत्तर एकच, 'छान हाय की'. खरं बोलणं निघताना सुरू होतं. 'येते मी' म्हणून उठलं, पायात चपला सरकवल्या, की घरची बाई दारापर्यंत येते, चौकटीला हात टेकते आणि मग अर्धा तास बोलते. आत बसून जे सांगता येत नाही ते दारात उभं राहून सांगता येतं. कायद्याप्रमाणे निरोप घेतला की ध्वनिमुद्रण बंद करावं लागायचं आणि प्रणिता ते इमानेइतबारे करायची. दारातलं बोलणं कुठेही साठलं नाही. ते तिच्या डोक्यात राहिलं, आणि त्यातलं सांगण्याजोगं तेवढं शुक्रवारी ती सांगत आली.

उत्तरेश्वर पेठेतल्या शेवंताक्का तिच्या जुन्या घरांपैकी एक. वय एकाहत्तर, नवरा वारून नऊ वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा विश्वजीत कॅनडात. पेटी त्यानेच बसवली होती. चार वर्षांत प्रणिता त्यांच्याकडे वीस-बावीस वेळा तरी गेली असेल. गेल्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ती चपला घालून उभी राहिली आणि अक्कांनी चौकटीला पाठ टेकली.

हिंदुराव सुतार रोज दुपारी दोन वाजता येतात, असं त्यांनी सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा हा विधुर गृहस्थ फौंड्रीत लाकडी साचे बनवून निवृत्त झालेला. येतो, आरामखुर्चीत बसतो, पेपर मोठ्याने वाचून दाखवतो, कारण अक्कांना बारीक अक्षर दिसत नाही. अक्का तांदूळ निवडतात नाहीतर नुसत्याच ऐकतात. चार वाजता चहा पिऊन तो जातो. यापलीकडे काही असेल-नसेल, ते प्रणिताने विचारलं नाही आणि अक्कांनी सांगितलं नाही. पण कॅनडात विश्वजीतच्या फोनवर दुपारी दोन ते चार या वेळात घरात दोन श्वास दिसत होते.

"पोरानं एकदा इचारलं, आई दुपारचं कोण येतंय? म्हटलं, शेजारची येती," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्यांदा इचारलं, रोज येती व्हय? तिसऱ्यांदा इचारायच्या आत मी पिनच काढली. दोनाला काढायची, चाराला घालायची. लाईट गेलती म्हणून सांगती त्याला. त्यो गेला तवा जातच हुती की, त्याला पटतंय."

लाईट जाणं बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. घरोघर छपरावर सौर पत्रे होते, गल्लीच्या तोंडाशी साठवणीच्या बॅटऱ्यांची कपाटं होती, आणि शाळेतल्या मुलांना भारनियमन हा शब्द समजावून सांगावा लागायचा. पण विश्वजीतच्या मनातलं कोल्हापूर तो विमानात बसला त्या दिवशीचंच होतं. प्रणिताला हसू आलं आणि अक्काही हसल्या. घरी परतताना तिला वाटलं, हे आपल्याला कुणी आपलं समजून सांगितलं, आणि त्याचं तिला फार बरं वाटलं. त्या शुक्रवारी तिने अक्कांबद्दल फक्त एवढंच सांगितलं, की पेटीचा आवाज त्यांना जरा मोठा वाटतो.

मार्च महिन्यात मगदूमांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि पडद्यावर शेवंताक्कांना दाखवलं.

या नव्या यंत्राला सगळे 'जुळी घरं' म्हणायचे. गेल्या चार वर्षांत प्रणिताच्या माणसांनी ज्या अकराशे चाळीस घरांत बोलणी केली होती, त्या घरांची सगळी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवली होती. त्याच घरांतल्या पेट्यांनी टिपलेलं उठणं, बसणं, झोपणं, खोकणं जोडीला दिलं होतं. यंत्राने त्यातून प्रत्येक घराचा एक जुळा तयार केला होता. जुळा म्हणजे चित्र नव्हे. ते माणूस कोणत्या प्रश्नाला काय म्हणेल, कोणत्या शब्दांत म्हणेल, कुठे थांबेल याचा अंदाज बांधणारं गणित. एका सेकंदात अकराशे चाळीस घरांना प्रश्न विचारा आणि दुसऱ्या सेकंदात उत्तर घ्या. दोन वेळा ताळा करून पाहिला होता. पेटीच्या नव्या रंगाबद्दल आणि नव्या आवाजाबद्दल जुळ्यांनी जे भाकीत केलं ते बाजारात जवळजवळ तंतोतंत खरं ठरलं.

"विचार काहीतरी," मगदूम म्हणाले.

प्रणिताने विचारलं, पेटी कशी आहे. पडद्यामागून अक्कांचा आवाज आला, तोच किंचित घसा खरखरणारा, 'छान हाय की, पोरगं लांब हाय पर काळजी मिटली.' हे वाक्य अक्कांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तरी ते त्यांचंच होतं.

मगदूम वाईट माणूस नव्हते. ते शिरोळकडच्या एका गावातून आलेले, स्वतःच्या हाताने पहिल्या पेटीचा प्रोग्राम लिहिलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सरळ सांगितलं, की आठवड्याला दहा घरांऐवजी रोज अकराशे घरं विचारता येत असतील तर गुरुवार कशाला हवा? संशोधनाची सवय मोडत नाही, उलट ती श्वासासारखी होते आहे. संचालकांना गुरुवार या महिन्याअखेर बंद करायचा होता. प्रणिताला कुठे दुसरीकडे बसवता येईल, तिच्या चार जणांचं सांगता येणार नाही.

"पण मी तुझ्यासाठी एक महिना मागून घेतलाय," ते म्हणाले. "जुळ्यांना माहीत नाही अशी एक गोष्ट मला दाखव. एकच. खरी आणि कामाची. मग गुरुवार राहील, हा माझा शब्द."

प्रणिता तिथेच बसून राहिली. मगदूम चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा तिने पडद्याला हळूच विचारलं, अक्का, दुपारी दोन ते चार काय करता? आवाज म्हणाला, 'लाईट नसती बाई त्या वक्ताला. पडती जरा.'

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जुळ्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला शिकवलं तेच सांगितलं होतं. प्रणिताने दोन दिवस जुना प्रोग्राम चाळला तेव्हा उलगडा झाला. पहिल्याच वर्षी कुणीतरी एक नियम लिहून ठेवला होता, पेटी काही वेळ बंद पडून पुन्हा सुरू झाली तर ते भारनियमन समजावं आणि सोडून द्यावं. त्या नियमावर पुढे कुणी बोट ठेवलं नाही. कारखान्यात चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं लहानपण दुपारी बंद पडणाऱ्या पंख्याखाली गेलं होतं. दुपारी दोन तास लाईट नाही यात विचारण्यासारखं आहे काय?

तिने मग सगळ्या घरांचे ते सोडून दिलेले तास काढले. तीनशे बारा घरांत रोज ठरावीक वेळी वीज जात होती. कुणाकडे दुपारी, कुणाकडे पहाटे, एका घरी सकाळी अकरा ते एक. आणि त्याच गल्लीतल्या, त्याच भिंतीला लागून असलेल्या घरातल्या पेट्या त्या वेळी ठणठणीत चालू होत्या. तीनशे बारा म्हातारी माणसं रोज उठून पिन काढत होती आणि ठरल्या वेळी परत घालत होती, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

गोष्ट खरी होती, कामाची होती आणि जुळ्यांना ठाऊक नव्हती. गुरुवार वाचत होता, चार जणांच्या नोकऱ्या वाचत होत्या. नुसतं तेवढंच नाही, या शोधाने सवयीची किंमत कायमची सिद्ध होणार होती आणि प्रणिताचा त्या सवयीवर मनापासून विश्वास होता. पण ते सांगितलं की तीनशे बारा घरांचं झाकण उघडणार. इकडे आड तिकडे विहीर अशी तिची गत झाली. नावं सांगायची नाहीत, फक्त आकडा सांगायचा, अशी तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. ती पुरती पटली नाही, म्हणून ती गुरुवारी अक्कांकडे गेली.

जायचं होतं परवानगी मागायला. पण अक्कांनी थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि तिच्या तोंडून सरळ प्रश्न काही निघेना. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तिने निराळंच विचारलं. पेटीला एक बटण असलं तर? दाबलं की दोन तास पेटी कुणाला काही कळवणार नाही, फक्त श्वास अडला तर तेवढं सांगेल.

"बटन असलं की पोरगं इचारणार, बटन का दाबलंस," अक्का म्हणाल्या. "पिनीला कोण इचारत न्हाई."

त्यांना हे बोलायला फारसा विचार करावा लागला नाही. कारखान्यातल्या दहा डोक्यांना जे महिनाभरात सुचलं नसतं ते त्यांनी लोणी वाढता वाढता सांगून टाकलं. निघताना दारात त्या हिंदुरावांच्या नव्या चष्म्याबद्दल बोलल्या. तो चष्मा घालून माणूस एकदम मास्तर दिसतो म्हणे. प्रणिता हसली, तिने मागायची ती परवानगी मागितली नाही, आणि घरी गेली. मागितली असती तर नाही म्हणाल्या असत्या, हे तिला पक्कं माहीत होतं.

महिनाअखेरच्या शुक्रवारी तिने सगळ्यांसमोर आकडा ठेवला. नावं नाहीत, पेठा नाहीत, फक्त तीनशे बारा आणि शेजारच्या चालू पेट्या. मगदूमांनी पडद्यावर जुन्या प्रोग्राममधली भारनियमनाची ती ओळ उघडली.

"तो नियम माझा," ते म्हणाले. "आमच्या गावात दोन ते चार लाईट नसायची. मला वाटलं, सगळीकडे तसंच." मग त्यांनी विचारलं, "पण ते पिन का काढतात?"

प्रणिता म्हणाली, त्यांना थोडा वेळ कुणी मोजू नये असं वाटत असेल. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिने गिळलं आणि त्याबद्दल तिला त्या दिवशी स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

मगदूमांनी शब्द पाळला, शब्दापेक्षा जास्तच पाळला. गुरुवार राहिला आणि तो सगळ्या कंपनीचा झाला. दोनशेच्या दोनशे माणसांनी, शिपायापासून संचालकांपर्यंत, आठवड्याला एका घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. त्याची प्रमुख म्हणून प्रणिताला नेमलं. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या आणि तिचे चार जण तिच्याकडे बघून हसले. त्या क्षणी ती खरोखर आनंदात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोमवारी बदल तयार होता. काडेपेटीएवढी एक बॅटरी, पेटीच्या आत, स्क्रू लावून बंद. पिन काढली तरी पेटी तीस तास चालेल.

ती मगदूमांच्या केबिनमध्ये गेली आणि हे करू नका म्हणाली. ज्यांना पिन काढायची आहे त्यांचं काहीतरी कारण असेल. मगदूमांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दोन तासांत कुणी पडलं तर, असं त्यांनी विचारलं. तीनशे बारा घरं, रोज दोन तास, आणि पेटी गप्प. आता हे माहीत झाल्यावर आपण काहीच केलं नाही, आणि एक जरी म्हातारी न्हाणीघरात मेली, तर तिच्या मुलाला काय सांगायचं? पेटी त्याने घेतलेली असते, त्याच्या जिवाची घालमेल थांबावी म्हणून घेतलेली असते. प्रणिताकडे होतं ते फक्त एक नाव, उत्तरेश्वर पेठेतलं, आणि ते सांगून प्रश्न सुटणार नव्हता, आणखी एक माणूस उघडा पडणार होता.

"गुरुवारी ऐकायचं, सोमवारी बदलायचं," मगदूम म्हणाले. "हे आम्हाला तूच शिकवलंस, प्रणिता."

नवीन नमुन्यावर संशोधनप्रमुखाची, म्हणजे आता प्रणिताची, सही लागायची. तिने दोन दिवस कागद टेबलावर ठेवला आणि बुधवारी सही केली.

जुन्या पेट्यांत बॅटरी बसवायचं काम गुरुवारच्या भेटींतच उरकलं. दोनशे माणसं घरोघर जातच होती, चहा पिता पिता चार स्क्रू काढून लावायला कितीसा वेळ लागतो? अक्कांकडे रंगकाम विभागातला एक जण गेला. त्याने अहवालात लिहिलं, 'आजींचा स्वभाव छान. पेटीबद्दल समाधानी.'

त्यानंतर तीनशे बारा घरांतले हरवलेले तास भरून आले आणि पहिल्या आठवड्यात प्रणिताने ते पाहिले. तिला वाटलं होतं तेच होतं. निम्म्याहून जास्त घरांत त्या वेळी एकाऐवजी दोन श्वास होते. कुठे बहीण येत असेल, जिच्याशी मुलाचं वाकडं आहे. कुठे सून म्हणून न स्वीकारलेली मुलगी. कुठे एकत्र देवाचं म्हणणाऱ्या बायका, कुठे कुणी हिंदुराव. बाकीच्यांत एकच श्वास होता, पण त्यातल्या दोन घरांत तो रडणाऱ्या माणसाचा असतो तसा तुटक होता. दुसऱ्या आठवड्यात दोनाचे आकडे कमी झाले. पाचव्या आठवड्यात ते जवळपास संपले. मुलांनी फोन केले असणार, एकदा विचारलं असणार, दोनदा विचारलं असणार. जुळ्यांना आता सगळं नीट शिकवलं होतं. शुक्रवारच्या अहवालात यंत्राने एक ओळ लिहिली, की दुपारच्या वेळची नोंद आता शंभर टक्के पूर्ण आहे आणि घरांची स्थिती स्थिर आहे. उत्तरेश्वर पेठेतल्या पेटीवर दोन ते चार या वेळात एक आकडा होता, आणि तो रोज एकच होता.

प्रणिता मंगळवारी गेली. गुरुवार नव्हता, ध्वनिमुद्रण यंत्र तिने घरी ठेवलं होतं, आणि पोचली तेव्हा अडीच वाजले होते. अक्कांनी दार उघडलं, या म्हणाल्या, पाट सरकवला. आरामखुर्ची भिंतीला लावून मिटून ठेवलेली होती.

हिंदुराव आता येत नाहीत, असं त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. विश्वजीतने विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगून टाकलं होतं, पेपर वाचायला येतात म्हणून. तो चिडला नाही. बरंय आई, म्हणाला, फक्त कोण आहेत, काय आहेत, मला कळलेलं बरं, त्यांचा नंबर दे, मी बोलून घेतो. नंबर द्यायची वेळच आली नाही. हिंदुरावांना हे कळलं त्या दिवसापासून ते तालमीच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचतात. मनातल्या मनात वाचतात म्हणे.

"मी म्हटलं, या की, काय चोरी हाय व्हय," अक्का म्हणाल्या. "तर म्हणाले, तुझ्या पोराच्या फोनात मी कशाला राहू."

प्रणिताने मान खाली घातली. ती म्हणाली, "अक्का, हे माझ्यामुळं झालं. बॅटरीचं. पिनीचं मीच सांगितलं तिथं. तुमचं नाव नाही सांगितलं, पण सांगितलं मीच."

"ठाऊक हाय," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला म्या सांगितलंच नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रणिताला काहीतरी बोलता आलं असतं. ती बॅटरी काढून द्यायला तयार होती, पिशवीत पेचकस घेऊन आली होती. अक्कांनी नको म्हणून हात हलवला. आता काढली तर पोरगं विचारणार, का काढलीस, आणि काढून तरी यायचं कुणी आहे? त्या उठल्या, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, साखर किती घालू. प्रणिताने एक चमचा म्हणून सांगितलं. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर पुसत होतं. भिंतीवरची पेटी गप्प होती.

तेवढ्यात फोन वाजला. कॅनडात पहाटेचे पाच वाजले होते, पण विश्वजीत जागा असावा, किंवा फोनने त्याला जागं केलं असावं. अक्कांनी फोन कानाला न लावता स्पीकर लावून मांडीवरच ठेवला, त्यामुळे त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बरी आहेस ना, त्याने विचारलं. जेवण झालं का, विचारलं. मग जरा थांबून, अगदी सहज विचारावं तसं म्हणाला, घरात दोन दाखवतंय, आई. कोण आलंय?

अक्कांनी प्रणिताकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं.

"कुणी न्हाई रे," त्या म्हणाल्या. "कंपनीची बाई आलीया. ती पेटीतलीच हाय. तिला मोजू नगंस."

विश्वजीतला ते पटलं असावं, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही.